वाचकाचा रस्ता कागदावर काढलाय का?

मागच्या अंकात डिजिटल वाचनालयांबद्दल दोन ओळी काय लिहिल्या, पत्रं आणि मेल यायला लागले ते थांबेचनात. मुंबईतले ग्रंथपाल, कर्मचारी, सभासद, आयटीतली मुलं, सगळ्यांचेच. विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, आधी देवघेवीच्या टेबलामागे आणि मग संगणकाच्या खोलीत मिळून पंचवीस वर्षं काढलीयेत, त्यामुळे या वेळी बाकीचे प्रश्न पुढच्या महिन्यावर टाकून फक्त यांचीच उत्तरं देतेय.

प्रश्न : ताई नमस्कार, मी मुलुंडच्या एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. कार्यकारिणीने मागच्या वर्षी जुने दिवाळी अंक स्कॅन करून घेतले, ॲप बनवलं, उद्घाटन झालं, पेढे वाटले. सभासद ८५० आहेत पण महिन्याभरात ॲप उघडणारे २५ पण होत नाहीत. आता कार्यकारिणीतले एक जण म्हणतात नवीन ॲप करूया, आणि माझा भाचा आयटीत आहे तो म्हणतो आधी प्रोसेस मॉडेलिंग करा. हे नेमकं काय असतं आणि आमच्यासारख्या छोट्या वाचनालयाला झेपेल का?

उत्तर : भाच्याचं ऐका. नवीन ॲपचं कोटेशन मागवायचं दोन महिने थांबवा, तेवढ्याने काही बिघडत नाही.

नाव जड आहे पण गोष्ट साधी आहे. काम आज जसं चालतं तसं पायरीपायरीने कागदावर काढायचं. सुरुवात कशाने होते, मग कोण काय करतं, कुठे ठरवावं लागतं की इकडे जायचं का तिकडे, एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात काय जातं, आणि मध्ये किती वेळ ते नुसतं पडून राहतं. लग्नघरात आपण यादी करतो ना, हॉल कोण बघणार, गुरुजी कोण सांगणार, आहेर कोण आणणार, तसंच, फक्त यात बाण असतात आणि 'नाही झालं तर पुढे काय' हेही लिहायचं असतं. आपण नेमकं तेच लिहीत नाही.

मागच्या वर्षी एका उपनगरातल्या वाचनालयात मी एका आजींच्या शेजारी बसले होते. वय ७१, हातात मोबाईल, सभासद कार्ड प्लॅस्टिकच्या कव्हरात जपून ठेवलेलं. त्यांना एका जुन्या दिवाळी अंकातला पैठणीच्या विणकामावरचा लेख हवा होता, नातीच्या कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी. ॲपने सभासद क्रमांक विचारला. कार्डावर होता ११४३/ब. हा 'ब' म्हणजे वर्गणीचा वर्ग, दोन पुस्तकं आणि एक मासिक वाला. ॲपच्या चौकटीत मात्र फक्त आकडे चालत होते. आजींनी आधी मराठी आकडे टाकले, मग इंग्रजी टाकले, मग कीबोर्डवर ती तिरपी रेघ शोधत बसल्या, ती सापडली तर ॲपने लाल अक्षरात सांगितलं क्रमांक चुकीचा आहे. चौथ्या वेळी त्यांनी मोबाईल पर्समध्ये ठेवला आणि म्हणाल्या, "जाऊ दे, माझंच काहीतरी चुकत असेल." ते वाक्य मला अजून लागतं. त्यांचं काहीएक चुकलं नव्हतं. क्रमांक वाचनालयाने दिलेला, कार्ड वाचनालयाने छापलेलं, आणि ती चौकटही वाचनालयानेच बनवून घेतलेली.

मग टेबलावरच्या मुलीने मला एक वही दाखवली. त्यात 'लॉगिन होत नाही' अशा १७ नोंदी होत्या, तारीखवार, सुंदर अक्षरात. पण ती वही ॲप बनवणाऱ्यापर्यंत जायची कशी हे कुणी ठरवलंच नव्हतं. ग्रंथपालांना वाटत होतं कार्यवाह सांगतात, कार्यवाहांना वाटत होतं ग्रंथपाल मेल करतात. चित्र काढलं असतं तर त्या वहीतून बाहेर जाणारा बाणच नाहीये हे पहिल्या दहा मिनिटांत दिसलं असतं. माझ्या अनुभवात सेवा बिघडते ती बहुतेक वेळा अशीच, काम एका हातातून दुसऱ्या हातात जाताना. प्रत्येक माणूस आपापलं काम नीट करत असतो आणि तरी वाचक रिकाम्या हाताने परत जातो.

आता तुमच्याकडे कसं करायचं ते सांगते. पुस्तकांना कव्हर घालायला आणतो तो खाकी कागद घ्या, लांबच्या लांब, आणि भिंतीला लावा. त्यावर चार आडवे पट्टे आखा. सगळ्यात वरचा वाचकाचा, त्याखाली टेबलावरच्या कर्मचाऱ्याचा, त्याखाली मागच्या खोलीतल्या कामाचा म्हणजे स्कॅनिंग, नोंदी, बाइंडिंग वगैरे, आणि सगळ्यात खाली ॲपवाल्या कंपनीचा. सुरुवात असेल तिथे गोल, काम असेल तिथे चौकोन, निर्णय असेल तिथे शंकरपाळ्याच्या आकाराची चौकट, आणि जिथे काही न होता नुसती वाट बघावी लागते तिथे लाल पेनने घड्याळ. एवढी चिन्हं पुरतात, शाळेतली मुलंही वाचू शकतात, आणि तुमच्या शिपायापासून अध्यक्षांपर्यंत सगळ्यांना तो कागद समजला पाहिजे हे महत्त्वाचं.

वरच्या पट्ट्याकडे मात्र नीट बघा. बहुतेक ठिकाणी मी जी चित्रं बघते त्यात वाचकाच्या पट्ट्यात दोनच चौकोन असतात, 'लॉगिन करतो' आणि 'डाउनलोड करतो', बाकी सगळी गर्दी खाली. म्हणजे ते चित्र वाचनालयाचं झालं, वाचकाचं नाही झालं. सुरुवातीच्या गोलात 'ॲप उघडलं' असं लिहूच नका. तिथे लिहा 'नातीला उद्यापर्यंत पैठणीवरचा लेख हवाय'. मग बघा पट्टा कसा भरत जातो ते: शेजारणीला विचारलं, वाचनालयात फोन केला, फोन दुपारी कुणी उचलला नाही, संध्याकाळी उचलला, ॲप घ्या म्हणाले, मुलाने रात्री दहाला घरी आल्यावर मोबाईलवर टाकून दिलं, ओटीपी मुलाच्या नंबरवर गेला. यातलं तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये काहीही दिसत नाही. पण वाचकाचा सगळा वेळ तिथेच गेलेला असतो.

आणि हे घरी बसून कल्पनेने काढू नका हं. सभासदाला विचारलं की तो कसं व्हायला पाहिजे ते सांगतो, शेजारी बसून बघितलं की कसं होतं ते दिसतं. जेकब नील्सन या वापरसुलभतेच्या अभ्यासकाने २००० साली मांडलं होतं की पाच जणांबरोबर बसलात तरी बहुतेक अडचणी समोर येतात, पण ते पाच एकसारखे लोक धरून. तुमच्याकडे आजी आहेत, एमपीएससीची तयारी करणारी मुलं आहेत, ठाणे लोकलमध्ये एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताने मोबाईल बघणाऱ्या नोकरदार बायका आहेत, तर प्रत्येक प्रकारातले तीन-चार जण घ्या. बोलू नका, मदत करू नका, फक्त कुठे अडकतात ते लिहा. (मला हे सगळ्यात अवघड जातं, हात आपोआप पुढे जातो मदतीला.)

'आहे तसं' चित्र आणि 'हवं तसं' चित्र एकाच दिवशी काढू नका. एकत्र बसलं की कार्यकारिणीतली मंडळी हवं तसंच काढतात आणि आहे तसंच म्हणून सही करतात, वाईट हेतूने नाही, त्यांना खरंच वाटत असतं की असंच चालतं. म्हणून दोन्हींमध्ये आठवडाभर जाऊ द्या आणि पहिला कागद भिंतीवरच राहू द्या.

दिवाळी अंकांच्या बाबतीत एक गोष्ट मी आत्ताच सांगू शकते कारण ती मी तीन ठिकाणी बघितलीये. आख्खा अंक एका पीडीएफमध्ये, दोन-अडीचशे पानं, फाईल ८०-९० एमबी, आणि यादीत फक्त अंकाचं नाव आणि साल. माणसाला साल कधी आठवत नाही हो. त्याला आठवतं की बाबांनी आणलेल्या अंकात मुखपृष्ठावर पणती होती आणि आत गिरणगावावर एक लेख होता. तर 'हवं तसं' चित्रात अनुक्रमणिका टाईप करायचा चौकोन स्कॅनिंगच्या लगेच पुढे आला पाहिजे, आणि फाईल लेखागणिक सुटी झाली पाहिजे. हे काम कंटाळवाणं आहे, उद्घाटन होण्यासारखं नाही, पण तुमच्या ८५० सभासदांपैकी किती जण परत येतील ते यावर ठरणार आहे.

एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले, त्यातला चौथा आहे वाचकाचा वेळ वाचवा. आपण सगळ्यांनी परीक्षेला तो पाठ केलाय. लाल घड्याळं मोजणं म्हणजे तो सिद्धांत भिंतीवर उतरवणंच आहे. कार्यकारिणीत कुणी विचारलं की हे नवं खूळ कुठून आणलं तर बिनधास्त रंगनाथनांचं नाव घ्या.

प्रश्न : मी ऐरोलीत एका कंपनीत बिझनेस अॅनालिस्ट आहे, आमच्या गिरगावातल्या जुन्या वाचनालयाला मोफत मदत करायची इच्छा आहे. ऑफिसात आम्ही बीपीएमएन, म्हणजे कामाच्या पायऱ्या ठरावीक चिन्हांत काढायची पद्धत, वापरतो. इथेही तेच वापरू का साधा फ्लोचार्ट काढू? सर्व्हिस ब्लूप्रिंटबद्दलही ऐकलंय.

उत्तर : आधी तुमचं मनापासून कौतुक, अशी चार मुलं मिळाली तर मुंबईतली कितीतरी वाचनालयं उभी राहतील.

सरळ उत्तर असं की लोकांसमोर साधं चित्र ठेवा आणि कंपनीला द्यायच्या कागदात बीपीएमएन ठेवा. प्रोसेस चार्ट ही जुनी गोष्ट आहे, फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या नवराबायकोने १९२१ मध्ये अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनियरांच्या संस्थेपुढे तो मांडला, म्हणजे शंभरी उलटून गेली. बीपीएमएन त्यामानाने लहान, पहिली आवृत्ती २००४ ची, २.० आली २०११ मध्ये, आणि २०१३ मध्ये ती आयएसओ १९५१० या क्रमांकाचं आंतरराष्ट्रीय मानक झाली. तिचा फायदा असा की चिन्हांचा अर्थ पक्का असतो, संगणकाला ते चित्र जसंच्या तसं देता येतं, मुदत संपली की काय, निरोप आला की काय, हे सगळं नीट दाखवता येतं. राखून ठेवलेलं ई-पुस्तक तीन दिवसांत उघडलं नाही तर पुढच्या सभासदाला द्यायचं, असला नियम बीपीएमएनमध्ये झकास बसतो. पण गिरगावातल्या सत्तरीच्या कार्यवाहांसमोर गोलात गोल आणि त्यात पाकीट असलं चिन्ह ठेवलंत की ते मान डोलावतील आणि मनातलं सांगणार नाहीत. मग ते चित्र फक्त तुमचंच राहील.

सर्व्हिस ब्लूप्रिंट मला स्वतःला वाचनालयासाठी फार आवडते. लिन शोस्टॅक यांनी १९८४ च्या सुमारास ती मांडली आणि उदाहरण घेतलं होतं बूट पॉलिशवाल्याचं! गिऱ्हाईकाला जे दिसतं ते एका रेषेच्या वर, आणि पॉलिश-ब्रश विकत आणण्यासारखं जे दिसत नाही ते रेषेच्या खाली. सीएसएमटीच्या बाहेर रोज बघतो तेच. वाचनालयात ही रेषा आखली की चटकन कळतं की वाचकाला 'तुमची मागणी नोंदवली आहे' एवढंच दिसतंय आणि रेषेखाली सात माणसं हलतायत, किंवा कुणीच हलत नाहीये. टाऊन हॉलच्या तीस पायऱ्या चढून एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात गेलेल्या माणसाला निदान समोर कुणी बसलेलं दिसतं, विचारता येतं. मोबाईलवर तेही नसतं, म्हणून रेषेखालचं थोडं वर आणून दाखवावं लागतं, मागणी कुठे पोचली, कधी मिळेल, कुणाला फोन करायचा.

टूलसाठी पैसे घालू नका. साध्या चित्रांसाठी ड्रॉ डॉट आयओ फुकट आहे, बीपीएमएनसाठी कॅमुंडाचा मॉडेलर डाउनलोड करता येतो. आणि चौकोनातला मजकूर मराठीत लिहा, क्रियापदासकट. 'सभासद पडताळणी' असं न लिहिता 'कर्मचारी कार्ड बघून नंबर टाकतो' असं लिहिलंत की समोरचा लगेच म्हणतो, अहो पण कार्ड तर कुणी आणतच नाही.

प्रश्न : माटुंग्याच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. विद्यार्थी आणि संशोधक जुन्या पुस्तकांमधली प्रकरणं स्कॅन करून मागतात. रोज १२ च्या आसपास मागण्या येतात, साधारण तेवढ्याच रोज पूर्ण होतात, पण कधीही बघा १८० पडलेल्याच असतात. प्राचार्य म्हणतात दुसरा स्कॅनर घेऊ. घ्यावा का?

उत्तर : थांबा. १८० ला १२ ने भागा, १५ येतात. म्हणजे तुमच्याकडे मागणी टाकणाऱ्या मुलाला सरासरी १५ कामाचे दिवस थांबावं लागतंय. हे साधं गणित जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध करून दिलं, येणं आणि जाणं साधारण सारखं असेल तिथे ते चालतं, बँकेच्या रांगेला चालतं आणि तुमच्या स्कॅनिंगलाही चालतं. तीन दिवसांत द्यायचं ठरवलंत तर हातात ३६ च्या वर पडून राहता कामा नयेत, हे झालं तुमचं लक्ष्य, भिंतीवर लिहून ठेवा.

आता एका प्रकरणाला प्रत्यक्ष स्कॅनरवर किती वेळ लागतो, वीस मिनिटं, अर्धा तास? मग १५ दिवस जातात कुठे? एक मागणी घ्या, तिला चिठ्ठी लावा आणि तिच्याबरोबर फिरा, प्रत्येक टेबलावर कधी आली आणि कधी निघाली ते लिहा. अशा दहा मागण्या झाल्या की स्कॅनर घ्यायचा का ते तुम्हीच सांगाल. माझा अंदाज असा की दोन ठिकाणी अडकत असेल, एक म्हणजे सही, जी आठवड्यातून एकदाच होते, आणि दुसरं कॉपीराइट, जिथे कुणालाच निर्णय घ्यायचा नसतो म्हणून पुस्तक बाजूला ठेवलं जातं.

कॉपीराइटचं शंकरपाळं नीट काढून ठेवा म्हणजे दर वेळी डोकं लावायला नको. आपल्या १९५७ च्या कायद्यात लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क असतो, आणि ती ६० वर्षं मृत्यूच्या पुढच्या वर्षीच्या १ जानेवारीपासून मोजतात. लेखक १९६० मध्ये गेला असेल तर ते लेखन १ जानेवारी २०२१ पासून खुलं. टोपणनावाने लिहिलेलं असेल आणि खरा लेखक कुणी कळलाच नसेल तर प्रकाशनापासून ६० वर्षं. अनुवाद असेल तर अनुवादकाचा हक्क वेगळा बघायचा, हे हमखास विसरतात. मूळ लेखक शंभर वर्षांपूर्वी गेलेला पण अनुवादक आत्ताआत्तापर्यंत होता असं मराठीत खूप आहे. तर पहिला प्रश्न मृत्यूचं साल माहीत आहे का, दुसरा अनुवाद आहे का, आणि दोन्हीत 'माहीत नाही' हाही एक बाण हवा जो कुणा एका ठरलेल्या माणसाकडे जाईल आणि त्याला मुदत असेल. अभ्यासापुरत्या उताऱ्यासाठी कायद्यात वेगळ्या सवलती आहेत, त्या तुमच्या विद्यापीठाच्या कायदेशीर सल्लागाराकडून एकदाच लेखी घ्या आणि तो कागद त्या शंकरपाळ्याच्या शेजारी चिकटवा.

प्रश्न : मी परळला एका वाचनालयात १९ वर्षं सहाय्यक आहे. हे चित्रं काढायचं आमच्याकडे पण सुरू झालंय. एक मुलगा येतो आणि आम्ही किती वेळात काय करतो ते लिहून घेतो. खरं सांगते, भीती वाटते. कोण कामचुकार आहे ते शोधायला केलंय का हे?

उत्तर : भीती वाटणं साहजिक आहे, आणि तुम्ही मोकळेपणी लिहिलंत हे बरं केलंत. पट्ट्यावर माणसाचं नाव कधीही लिहायचं नसतं, काम लिहायचं असतं. 'देवघेव टेबल' लिहायचं, तुमचं नाव नाही. त्या मुलाला हे सांगा, आणि नाव लिहिलेलं असेल तर खोडायला लावा, तो तुमचा हक्क आहे. आणि त्याने लिहिलेलं तुम्हाला वाचून दाखवल्याशिवाय वर जाऊ नये हेही सांगा. १९ वर्षांत तुम्ही कितीतरी गोष्टी अशा करत असाल ज्या कुठल्याच नियमात नाहीत, कुणाला कोणता चष्मा लागतो, कोण पावसाळ्यात येत नाही, कुणाचं पुस्तक शेजारच्या दुकानात ठेवायचं. त्या सगळ्या मुद्दाम लिहायला लावा. संगणकावर जाताना आधी त्याच गळतात आणि मग लोक म्हणतात पूर्वीसारखं वाचनालय राहिलं नाही.

प्रश्न : निवृत्त शिक्षक, विलेपार्ले. वाचनालयाच्या संगणकावर 'किनाऱ्यावर' टाईप केलं तर काही सापडत नाही, आणि तेच पुस्तक शेल्फवर मला दिसतंय! 'गाव' टाकलं तर जुनी पुस्तकं येत नाहीत. माझं टायपिंग चुकतंय का?

उत्तर : सर, तुमचं टायपिंग अगदी बरोबर आहे. यामागे तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या ग्रंथपालांना दाखवा.

'ऱ्या' मधला तो चंद्रकोरीसारखा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक अक्षरं ज्या कोडने ओळखतो त्यात, दोन प्रकारे टाईप होतो. एक नुक्तावाला, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याचा पाय मोडायचा, दुसरा साधा र, पायमोड आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द. 'ॲ'चं तसंच, त्याला स्वतःचा कोड २००८ मध्ये मिळाला, त्याआधीच्या नोंदी अ वर चंद्र देऊन केलेल्या आहेत. त्यामुळे एका बाईंनी नोंद केली आणि दुसऱ्या बाईंनी शोधलं तर सापडत नाही, दोघींचंही बरोबर असून.

'गाव'ची गोष्ट मात्र शुद्धलेखनाची. १९६२ मध्ये साहित्य महामंडळाचे नियम आले, १९७२ मध्ये त्यात आणखी चार आले, आणि उच्चार न होणारे अनुस्वार गेले. त्याआधीच्या पुस्तकांवर गांव, नांव, कांहीं असंच छापलंय आणि ग्रंथपालांनी ते तसंच नोंदवलं, तेही योग्यच केलं. 'बँक' आणि 'बॅंक' हे तिसरं, एकात चंद्रबिंदू आणि दुसऱ्यात चंद्र आणि अनुस्वार वेगवेगळे, दिसायला जवळजवळ सारखेच.

उपाय असा की नोंद साठवताना आणि शोध घेताना, दोन्हीकडे, मधे एक पायरी घालायची जिथे ही सगळी रूपं एकाच रूपात आणली जातात. छापील रूप दाखवायला तसंच ठेवायचं, शोधायला मात्र हे सारखं केलेलं रूप. कंपनीला सांगितलं की करतात, फार मोठं काम नाही. पण मला याहून महत्त्वाचं वाटतं ते 'काहीही सापडलं नाही' या पाटीच्या पुढे काय होतं. बहुतेक ठिकाणी तिथेच रस्ता संपतो. तिथून एक बाण ग्रंथपालांकडे गेला पाहिजे, रोज संध्याकाळी न सापडलेल्या शब्दांची यादी त्यांच्यासमोर आली पाहिजे. त्या यादीत नाव, नंबर काही नको, नुसते शब्द पुरे. तुमचा 'किनाऱ्यावर' पहिल्याच दिवशी तिथे दिसला असता.

प्रश्न : माझे बाबा ६८ वर्षांचे, काचबिंदूमुळे जवळजवळ दिसत नाही. आयुष्यभर वाचणारा माणूस. वाचनालयाचं ॲप मोबाईलवर बोलत नाही, नुसतं 'इमेज, इमेज' म्हणतं. बोरिवलीहून मी किती खेपा घालू? काही करता येईल का?

उत्तर : येईल, आणि ते त्यांच्यावर उपकार म्हणून नाही. ॲप 'इमेज' म्हणतंय कारण त्यात पानांचे फोटो आहेत, अक्षरं नाहीतच. मोबाईलमधला टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारी सोय, मुख्यतः अक्षरंच वाचते. फोटोतून अक्षरं काढायचं काम ओसीआर करतं, टेसरॅक्ट नावाचं मोफत सॉफ्टवेअर मराठीही ओळखतं, स्वच्छ छपाई असेल तर बरंच बरोबर येतं, जुन्या खिळ्यांच्या छपाईला हाताने तपासावं लागतं. म्हणजे स्कॅनिंगनंतर दोन चौकोन वाढले, ओसीआर आणि तपासणी. चित्र काढताना वाचकाच्या पट्ट्यात तुमच्या बाबांसारखा एक वाचक पहिल्या दिवसापासून असता तर हे तेव्हाच कळलं असतं, आता मागाहून सगळं परत करायला दुप्पट कष्ट पडतात.

"कॉपीराइट आहे, जमणार नाही" असं उत्तर मिळालं तर ऐकून घेऊ नका. २०१२ मध्ये आपल्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि दिसत नसलेल्या किंवा इतर अपंगत्व असलेल्या वाचकासाठी त्याला वाचता येईल अशा स्वरूपात प्रत करायला परवानगी मिळाली, नफा न घेता. अंध वाचकांना पुस्तकं मिळावीत यासाठीचा आंतरराष्ट्रीय मराकेश करार मंजूर करणारा भारत हा जगातला पहिला देश, २०१४ साली. सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय २०१६ मध्ये खास अशा वाचकांसाठी सुरू झालं, तिथे बाबांचं नाव आजच नोंदवा, अपंगत्वाचं प्रमाणपत्र जवळ ठेवा.

आणि वाचनालयाकडे लेखी मागणी करा, पण सगळा संग्रह नका मागू, एकच लेख मागा. अमुक अंकातला अमुक लेख, ऐकता येईल अशा फाईलमध्ये, अमुक तारखेपर्यंत. एक मागणी आत गेली की ती कुठे कुठे अडते ते त्यांनाही दिसेल आणि रस्ता तयार व्हायला लागेल. बाबांना विचारा सगळ्यात आधी काय ऐकायचंय, आणि वाचनालयाने किती दिवसांत दिलं ते मला नक्की कळवा.